बॅटन आजाराची शंका असताना स्मिअर: या चुका टाळा

चार ते सात वर्षांच्या मुलाची नजर झपाट्याने उतरतेय आणि दोष डोळ्याच्या पडद्यात आहे. अशा वेळी सीएलएन३ म्हणजे जुव्हेनाइल बॅटन आजार (नजर आणि मेंदू हळूहळू निकामी करणारा अनुवंशिक आजार) मनात आला, तर जीन टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत साधा स्मिअरही (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) बरंच सांगतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये मोठ्या, रेखीव काठाच्या पोकळ्या दिसतात. ही खूण 1948 पासून माहीत आहे, तरी हातची सुटते.

सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, विसंबू नका. आकडे नॉर्मलच येतात. मागणीपत्रावर ‘व्हॅक्युओलेटेड (पोकळ्या असलेले) लिम्फोसाइट पाहा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर स्लाइड कुणी त्या नजरेने बघतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शिळ्या रक्ताने. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत रक्त तासन्‌तास राहिलं की पेशींत खोट्या पोकळ्या पडतात. कलेक्शन सेंटरहून रात्री मेन लॅबला पोचणारी नळी या कामाची नाही. रक्त घेतलं तिथेच, तासाभराच्या आत, दोन-तीन स्लाइड ओढा, लगेच वाळवा आणि मिथेनॉलमध्ये फिक्स करा. पावसाळ्यात इथेच फसगत होते: स्लाइड लवकर वाळत नाही, उघड्या बाटलीतलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि लाल पेशींत चकचकीत भोकं दिसू लागतात. तशी स्लाइड सरळ बाद करा. तिच्यावरून लिम्फोसाइटबद्दल मत देऊ नये.

स्लाइडच्या जाड भागात लिम्फोसाइट आक्रसलेले असतात. शेपटीकडचा पातळ भाग ऑइल लेन्सखाली बघा, निदान 100 लिम्फोसाइट तरी. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या पोकळ्या धरू नका, त्या निरोगी मुलांतही असतात.

पोकळ्या दिसल्या म्हणून लगेच बॅटन लिहू नका. जीएम१ गँग्लिओसिडोसिस, आय-सेल आजार, मॅनोसिडोसिस या दुसऱ्या अनुवंशिक आजारांतही त्या असतात. पाँपे आजारात बारीक, सुट्या दिसतात. उलटी चूक जास्त महागात पडते. स्मिअर स्वच्छ आला म्हणून बॅटनचे बाकीचे प्रकार बाद होत नाहीत. सीएलएन१ आणि सीएलएन२ या प्रकारांत साध्या मायक्रोस्कोपखाली या पोकळ्या दिसत नाहीत. तिथे पीपीटी१ आणि टीपीपी१ एन्झाइमच तपासावे लागतात. सीएलएन२ वर 2017 पासून सेर्लिपोनेज अल्फा हे औषध आहे, त्यामुळे तिथे उशीर परवडत नाही.

स्मिअर पक्का पॉझिटिव्ह आणि एक्सोम (सगळ्या जनुकांतल्या एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत असलेल्या भागांची तपासणी) रिपोर्ट मात्र निगेटिव्ह? मग लॅबला विचारा, कॉपी नंबर (जनुकाचा तुकडा गळलाय किंवा वाढलाय का) तपासलाय का. सीएलएन३ जनुकातला नेहमीचा दोष म्हणजे एक्सॉन 7 आणि 8 सकट सुमारे 1 केबीचा (हजार अक्षरांचा) तुकडा गळणं. फक्त डीएनएच्या एकेक अक्षराचे बदल शोधणाऱ्या विश्लेषणात तो निसटू शकतो.