मेंदूच्या गाठीचा परफ्युजन एमआरआय: रंगीत नकाशाआधी आलेख तपासा

साध्या कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये गाठ उजळते ती रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा गळू लागल्यामुळे. रेडिएशनने मेलेला भागही तसाच उजळतो. गाठ पुन्हा वाढतेय की हा उपचाराचा परिणाम आहे, हे ठरवायला डीएससी परफ्युजनची (कॉन्ट्रास्ट औषध मेंदूतून जाताना सिग्नल किती घसरतो ते मोजून तिथल्या रक्ताचं प्रमाण काढणाऱ्या स्कॅनची) मोठी मदत होते. मात्र औषध वेगात आणि एकगठ्ठा गेलं पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

पेसमेकर, गर्भारपण आणि मूत्रपिंडाचं काम यांची चौकशी आधीच करा. कोपराच्या शिरेत, शक्यतो उजव्या हाताला, 18 किंवा 20 गेजचा कॅन्युला लावा. सलाईन जोरात सोडून शीर फुगत नाही ना ते बघा. गॅडोलिनियमचा (कॉन्ट्रास्ट औषधाचा) डोस किलोला 0.1 मिलिमोल, 0.5 मोलर औषध असेल तर 60 किलोच्या रुग्णाला 12 मिली. इंजेक्टरचा वेग सेकंदाला 3 ते 5 मिली, आणि मागोमाग त्याच वेगाने 25-30 मिली सलाईन.

3 टेस्लावर ग्रेडियंट एको ईपीआय (झटपट चित्रं घेण्याची पद्धत) घ्या: टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) 30 मिलिसेकंद, टीआर (एका फ्रेमला, म्हणजे चित्राच्या एका फेरीला लागणारा वेळ) 1.2 सेकंद, फ्लिप अँगल (रेडिओ लहरीने चुंबकन झुकवायचा कोन) 30 अंश. 60 अंश ठेवायचा असेल तर काही मिनिटं आधी औषधाचा एक डोस देऊन ठेवावा लागतो, नाहीतर गाठीत झिरपलेलं औषध रक्ताच्या प्रमाणाचा आकडा खाली ओढतं. स्कॅन आधी सुरू करा, 40 फ्रेम झाल्यावरच इंजेक्शन द्या. एकूण किमान 120 फ्रेम हव्यात, म्हणजे साधारण अडीच मिनिटं.

आता आलेख, म्हणजे वेळेनुसार सिग्नल कसा बदलला त्याची रेघ. सुरुवातीची रेघ सपाट, मग तीव्र घसरण, मग परत वर, असा हवा. घसरण उथळ आणि पसरट दिसली तर औषध हळू गेलं किंवा शिरेत अडलं. त्यावरून काढलेला रक्ताच्या प्रमाणाचा रंगीत नकाशा रिपोर्टला वापरू नका. आलेख मूळ रेघेच्या वर चढला तर औषध गळतंय. लिम्फोमात (लसिका पेशींच्या कर्करोगात) हे बरेचदा दिसतं. गळतीची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये सुरूच ठेवा.

रक्तवाहिन्या टाळून गाठीतल्या सर्वांत जास्त आरसीबीव्ही (रक्ताचं सापेक्ष प्रमाण) असलेल्या जागी छोटा आरओआय (मोजणीसाठी आखलेला भाग) ठेवा आणि समोरच्या बाजूच्या निरोगी श्वेतद्रव्याशी गुणोत्तर काढा. कमी आणि जास्त ग्रेडची गाठ वेगळी ओळखायला 1.75 ही जुनी सीमारेषा बरेच जण वापरतात, पण ती तुमच्या मशीनवर जशीच्या तशी लागू होईलच असं नाही. शिवाय ऑलिगोडेंड्रोग्लिओमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) कमी ग्रेडचा असूनही आकडा मोठा दाखवतो. शस्त्रक्रियेचं जुनं रक्त, क्लिप किंवा कवटीचा तळ जवळ असेल तर तिथला सिग्नलच नाहीसा होतो. तो काळा डाग ‘रक्तप्रवाह कमी’ असा वाचू नका, एसडब्ल्यूआय (जुनं रक्त आणि धातू ठळक दाखवणारी एमआरआय चित्रं) शेजारी उघडून पडताळा.