अलिबाग पट्ट्यातल्या जुन्या घराचं वय कसं काढावं

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून तासाभरात मुंबई गाठता येऊ लागली. किहीम, आवास, नागावात मुंबईकरांचे बंगले उठतायत आणि जुनी कौलारू घरं 'पडकी' म्हणून विकली जातायत. पाडायचं की दुरुस्त करायचं हे ठरवण्याआधी घरातलं मूळचं किती शिल्लक आहे ते पाहा. शिडी, टॉर्च, टेप आणि चार इंची खिळा एवढं पुरे.

आधी जागा बघा. आक्षी, नागाव, चौलची जुनी घरं रस्त्याला लागून असतात: पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागीलदार, विहीर आणि पाठीमागे लांबच लांब नारळ-पोफळीची वाडी. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन वाडीच्या पट्ट्या अरुंद झाल्या. घर प्लॉटच्या मधोमध आणि चारी बाजूंना मोकळी जागा असेल तर आराखडा बंगल्याचा, म्हणजे अलीकडचा.

मग छपरावर चढा. हातानं थापलेली नळीची कौलं असतील तर पद्धत जुनी. मंगलोरी कौल असेल तर उलटं करून शिक्का वाचा. बासेल मिशनच्या (मंगलोरात कौलांचा कारखाना काढणारी ख्रिस्ती मिशन) कौलावर 1865 दिसलं की लोक घरच 1865 चं ठरवतात. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल भाजल्याचं नव्हे. 'कॉमनवेल्थ' ही हाच कारखाना पुढे चालवणाऱ्या कंपनीची छाप, पहिल्या महायुद्धानंतरची. शिवाय कौलं एका घरावरून दुसऱ्यावर जातात, म्हणून दोन्ही उतारांवरून निदान दहा कौलं उतरवून बघा. (100 चौरस फुटाला साधारण 150 लागतात, तेव्हा दहानं छप्पर उघडं पडत नाही.)

भिंतीत खिळा टोचा. सांध्यातला पांढुरका मसाला भुगा होऊन गळला, त्यात चुन्याचे गोळे किंवा शिंपल्यांचे तुकडे दिसले तर तो चुना. करडा, टणक असेल तर सिमेंट. पोरबंदरला 1914 मध्ये सिमेंट तयार होऊ लागलं, त्यामुळे खेड्यातल्या घरातलं सिमेंट बहुधा त्यानंतरचं. पण फक्त वरच्या गिलाव्यावरून काही ठरवू नका, विटांच्या सांध्यात आतवर टोचा. लोखंडी तुळईवर 'टाटा' वाचता आलं तर ती 1912 नंतरची. लोखंडच नाही म्हणजे घर फार जुनं, असंही नाही. अलिबागची 1904 ची चुंबकीय वेधशाळा मुद्दाम लोखंड टाळून बांधलीय, कारण लोखंडानं चुंबकीय मोजमाप बिघडतं; मुंबईत येणाऱ्या विजेच्या ट्रामपासून लांब म्हणूनच ती मुंबईतल्या कुलाब्याहून इकडे आणली.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. खारं पाणी जोत्यातून वर चढतं, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मीठ आतल्या आत साठून फुगतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा गिलाव्यासकट सुटतो. त्याऐवजी गिलावाही चुन्याचाच करा: निदान तीन आठवडे पाण्यात मुरलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची वाळू 3 भाग. समुद्राची वाळू अजिबात नको. भिंत आधी भिजवा, 10-12 मिलिमीटरचा थर द्या, आठवडाभर गोणपाटानं ओला ठेवा. काम पावसाळा संपल्यावर घ्या. उन्हात भराभर वाळलेला चुना पावडर होतो, तेव्हा भिंतीवर सावली करा.

लाकडात खुंट्या (जुनी पद्धत) की खिळे हेही बघा; बदललेला वासा सांध्यावरून लगेच ओळखू येतो.

कागदांत सातबारा जमिनीचा असतो, त्यावरून घराचं वय कळत नाही. ग्रामपंचायतीकडून नमुना 8 चे (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचे) जुने उतारे आणि घरपट्टीच्या पावत्या काढा; गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड). घर किनाऱ्यालगत असेल तर 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीची पावती जपून ठेवा. सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे निर्बंध) पहिली अधिसूचना त्या तारखेची आहे आणि दुरुस्तीच्या परवानगीला तोच कागद मागतात.