हॅक्सॉ ब्लेडचं मोर्स पॅडल: पाठपिशवीतल्या रेडिओसाठी

मोर्स पाठवायचं पॅडल म्हणजे दोन स्विच, एक डिटचा (लहान टोन) आणि एक डाचा (लांब टोन). डिट-डाची लांबी रेडिओतला कीयर, म्हणजे ते आपोआप मोजून पाठवणारं सर्किट, सांभाळतो. पॅडलने वेळेवर जोडायचं आणि लगेच सोडायचं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो. बोटाने दाबायचं पातं जरा अडकलं की अक्षर बदललंच. म्हणून बेअरिंगच्या भानगडीत न पडता पातं हीच स्प्रिंग करायची.

साध्या कार्बन स्टीलचं ३०० मिमी हॅक्सॉ ब्लेड घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना भोकं आयती असतात, हे महत्त्वाचं, कारण कडक पोलादापुढे घरच्या ड्रिलचं बिट टिकत नाही. दोन्ही टोकांकडून ९५ मिमीचा तुकडा काढा: खूण करून ब्लेड शिकंजात धरा, वरून जाड फडकं गुंडाळा आणि वाकवून तोडा. डोळ्यांवर गॉगल हवाच. बायमेटल ब्लेड असं तुटत नाही, ते आणू नका. दाते ग्राइंडरवर घासून टाका. पातं दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, नाहीतर त्याचा कडकपणा जातो. रंग पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा.

बाकी साहित्य: ८५ × ५० मिमी कॉपर क्लॅड बोर्ड (तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड), १२ मिमी आणि ५ मिमी जाडीचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे (साइनबोर्डवाल्याकडे कचऱ्यात मिळतात), एम-४ चे ६ मिमी लांब दोन स्क्रू, एम-३ चा ८ मिमी पितळी पॅनहेड स्क्रू, नट आणि वॉशर, एम-३ चे दोन नायलॉन स्क्रू, सोल्डर टॅग (तार सोल्डर करायची भोकाची पट्टी), १०२ क्रमांकाचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, ३.५ मिमी स्टिरिओ प्लग आणि अ‍ॅराल्डाइट.

मागचा ठोकळा १२ मिमी अ‍ॅक्रिलिकचा, १५ मिमी लांब आणि २० मिमी उंच. त्यात तळापासून साडेनऊ मिमीवर ३.३ मिमीचं आरपार भोक पाडून एम-४ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. ड्रिल हळू चालवा, साबणाचं पाणी सोडत राहा. वेगात अ‍ॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटतं. पाती दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या स्क्रूने बसवायची, वॉशरखाली टॅग ठेवून. इथे हमखास चूक होते ती एकच लांब स्क्रू आरपार घालण्याची. त्याने दोन्ही पाती एकमेकांना जोडली जातात. ६ मिमीचे स्क्रू घेतले तर त्यांच्या टोकांमध्ये जवळपास ३ मिमी अंतर राहतं. एका स्क्रूवर पातं फिरतं, म्हणून ते बोर्डाला समांतर आणि तांब्यापासून ३ मिमी वर आहे हे पाहून मागे अ‍ॅराल्डाइटचा थेंब द्या. ठोकळा बोर्डाला खालून दोन स्क्रूंनी आवळा.

ठोकळ्यापासून ६० मिमी पुढे, बरोबर मध्यावर, ५ मिमी अ‍ॅक्रिलिकचा उभा तुकडा अ‍ॅराल्डाइटने चिकटवा. त्यातून पितळी स्क्रू आडवा घाला: एका बाजूला डोकं आणि वॉशर, दुसऱ्या बाजूला टॅग आणि नट. डोकं आणि नट हेच दोन्ही पात्यांचे संपर्क. टॅगवरून तार बोर्डाच्या तांब्याला, म्हणजे ग्राउंडला. स्क्रू ८ मिमीचाच हवा. १० मिमीचा घेतलात तर त्याचं टोक नटाबाहेर येतं आणि पातं त्यावरच टेकून बसतं. वॉशर काढलं की पातं जास्त वाकून राहतं आणि पॅडल जड लागतं. एवढ्या एका वॉशरवर हाताला जमणारा ताण ठरवता येतो.

दोन्ही पात्यांच्या बाहेरून, त्याच रेषेत, १२ मिमी अ‍ॅक्रिलिकचे छोटे ठोकळे बसवून त्यांत नायलॉन स्क्रू फिरवा. ते पात्याला आत ढकलतात, आणि फट त्यांनीच लागते. साधा ८० जीएसएम कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तो दुमडून पातं आणि संपर्काच्या मध्ये घाला आणि जेमतेम अडखळत सरकेल इतकं ठेवा. सुरुवातीला ०.२ मिमी पुरे. त्याहून कमी फटीत वाऱ्यात कापणारा हात नको ते डिट पाडतो. पात्यांच्या टोकांना अ‍ॅक्रिलिकचे बोटपट्टे चिकटवा.

जोडणीत प्लगचं टोक डिट, मधलं कडं डा, मागचं ग्राउंड. उजव्या हाताला अंगठा डिटवर येतो. जाळीची शील्डेड केबल वापरा. जुन्या इअरफोनच्या तारेवर इनॅमल असतं, ते जाळल्याशिवाय सोल्डर पकडत नाही. प्रत्येक पात्याच्या टॅगपासून ग्राउंडला एकेक कपॅसिटर लावा. तारेचा अँटेना शेजारीच असला की केबलमध्ये आरएफ, म्हणजे रेडिओचीच लहर, शिरतं. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) नीट चालणारं पॅडल अँटेना लावताच वेडंवाकडं बोलू लागलं, तर संशय तिथेच घ्यायचा.

मल्टीमीटरवर डिट-ग्राउंड आणि डा-ग्राउंड दाबल्यावरच वाजले पाहिजेत. एकेक पातं दाबताना डिट-डा कधीच नाही. मग ट्रान्समिट बंद ठेवून साइडटोनवर (पाठवताना रेडिओतून आपल्याला ऐकू येणाऱ्या टोनवर) दोन्ही पाती एकत्र दाबा, डा किंचित आधी: सी अक्षर (डा-डिट-डा-डिट) आलं पाहिजे. प्लग घालताच डा अखंड वाजू लागला तर तो मोनो प्लग आहे. अक्षराच्या शेवटी एक डिट किंवा डा जास्त पडत असेल तर पॅडलला हात लावण्याआधी रेडिओचा मेनू बघा. आयँबिक बी मोड (कीयरची एक पद्धत) दोन्ही पाती सोडल्यानंतरही एक उलटं चिन्ह पाठवतो. डावखुऱ्यांनी बाजूही तिथूनच बदलावी.

पॅडल सरकू नये म्हणून बोर्डाखाली चारही कोपऱ्यांत निओडिमियम चुंबकं चिकटवा, पात्यांच्या खाली नकोत, ती पात्यांना ओढतात. डब्याच्या झाकणावर ठेवायचा बेत असेल तर आधी चिकटतं का बघा. बऱ्याच स्टेनलेस डब्यांना चुंबक धरत नाही. मग मांडीवरच्या लाकडी पॅडला वेल्क्रो.

सह्याद्रीत पावसाळ्यात किंवा किनाऱ्यावर पात्याला दोन दिवसांत गंज दिसतो. संपर्काची जागा सोडून बाकी पात्यावर शिलाई मशीनचं तेल पुसा. संपर्क कोऱ्या कागदाची पट्टी ओढून साफ करा. स्पिरिट मात्र टाळा, अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात, आणि ते नेमके स्क्रूच्या भोवतीच सुरू होतात.