चिनी पदवीधर तरुण देशाबद्दल काय म्हणतात, ते नेटवर कसं वाचावं

चीनमधला शिकलेला तरुण देशावर खूश आहे की नाराज, एवढाच प्रश्न घेऊन बसलात तर हाती काही लागत नाही. त्याची खाती दोन: एक देशाच्या मानाचं, दुसरं स्वतःच्या पोटापाण्याचं. म्हणून वहीतही दोन रकाने आखा.

आधी एकच घटना धरा. 2025 चा जानेवारी उत्तम. टिकटॉकवर बंदी येणार म्हणून अमेरिकी लोक लोंढ्याने शियाओहोंगशू या चिनी ॲपवर आले आणि दोन्हीकडची पोरं पगार, घरभाडं, दवाखान्याची बिलं ताडून पाहू लागली. चिनी पोरं त्याला 'दुइझांग' म्हणाली, म्हणजे हिशेब जुळवणं. मानाचं आणि पोटाचं असं एकाच ठिकाणी क्वचित सापडतं.

वेइबो (ट्विटरसारखं चिनी माध्यम) आणि झिहू (प्रश्नोत्तरांचं चिनी संकेतस्थळ) यांवरून प्रत्येकी चाळीसेक प्रतिक्रिया घ्या. वेइबोवर लोकप्रिय प्रतिक्रियांत चढा देशाभिमान वर तरंगतो. क्रम वेळेनुसार लावा. 2022 पासून तिथे लिहिणाऱ्याचा प्रांत किंवा देश दिसतो. परदेशातून लिहिणारे बाजूला काढा.

पहिल्या रकान्यात 'पिंगशी' हा शब्द शोधा: मान वर न करता, बरोबरीने पाहणं. मार्च 2021 मध्ये शी जिनपिंग यांनी तो नव्या पिढीच्या संदर्भात वापरला, त्यामुळे नुसता शब्द आला तर ती घोषणाही असू शकते. सोबत स्वतःचं उदाहरण असेल तरच नोंदवा.

दुसऱ्या रकान्यात यंत्राचं भाषांतर हमखास फसतं. 'रुन'चं अक्षर 'ओलसर' या अर्थाचं, पण रोमन लिपीत ते इंग्रजी 'रन' (run, पळणं) सारखंच लिहिलं जातं; म्हणायचं असतं देश सोडणं. 'थांगपिंग' म्हणजे शर्यत सोडून आडवं पडणं. 'नेइज्युआन' म्हणजे सगळ्यांनी जास्त घासायचं, पदरात मात्र तेवढंच.

आकडे ताडताना जपून. 16 ते 24 वयोगटातली बेरोजगारी जून 2023 मध्ये 21.3 टक्के होती. मग आकडे थांबले आणि जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने सुरू झाले. दोन्ही मालिका एका आलेखात जोडू नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नोकरीची तक्रार दिसली की माणूस देशविरोधी ठरवणं. वेगवान रेल्वेचा अभिमान आणि 'नेइज्युआन'चा वैताग एकाच खात्यावर सर्रास दिसतात.

प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, आठवड्याने पुन्हा पाहा. काय गायब झालं, तेही वहीत लिहा. मात्र ते सेन्सॉरने काढलं की लिहिणाऱ्यानेच, हे बाहेरून कळत नाही.