होमरवर लिहिताय? मग या चुका टाळा

इलियड आणि ओडिसी ही प्राचीन ग्रीक महाकाव्यं होमरच्या नावावर आहेत. त्यांच्यावरचे लेख आणि अनुवाद माझ्याकडे तपासायला येतात. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक एकच: पुनरुक्तीला कात्री लावणं.

एका हौशी अनुवादकाने इलियडचा पहिला सर्ग पाठवला होता. अ‍ॅगामेम्नॉन या सेनापतीशी भांडून योद्धा अकिलीस जहाजांपाशी रागाने बसून राहतो, तिथे मूळ ओळ त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणते. अनुवादकाने ते उडवलं. बसलेल्या माणसाचे पाय चपळ कशाला? पुढे तेच विशेषण आलं की कुठे ‘शूर’, कुठे ‘पराक्रमी’. सर्ग गुळगुळीत झाला आणि गाणाऱ्याचा आवाज गेला. मी त्याला ग्रीक ओळी म्हणून दाखवल्या. सहा गणांच्या त्या वृत्तात ओळीच्या शेवटी जागा जास्त उरली तर ‘पोदास ओकुस अखिल्लेउस’ (चपळ पायांचा अकिलीस), कमी उरली तर ‘दिओस अखिल्लेउस’ (दिव्य अकिलीस). कवन गाता गाता रचणाऱ्याला असे तयार तुकडे हाताशी लागतातच. विशेषणाला हात लावण्याआधी मी मूळ ओळ मोठ्याने म्हणते. सारांश वाचून अनुवादाला बसणाऱ्यांना एवढा धीर नसतो, आणि ते पानापानावर दिसतं.

‘गायकांना सगळं तोंडपाठ असे’ हेही लिहू नका. अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरीने १९३३ ते १९३५ दरम्यान युगोस्लाव्हियात महाकाव्यं गाणाऱ्या लोकगायकांची ध्वनिमुद्रणं केली. शब्दन् शब्द तोच गातो, असं गायक ठामपणे सांगत. मुद्रणं ऐकली की ओळी वेगळ्या निघत. त्यांच्यातल्या निरक्षर अव्दो मेजेदोविचने १२ हजारांहून जास्त ओळींचं काव्य सांगितलं, म्हणजे जवळपास ओडिसीएवढं. ही मुद्रणं थोडी तरी ऐका, मगच मौखिक परंपरेवर लिहा.

ओडिसीतला गायक देमोडोकस आंधळा आहे. त्यावरून होमरही आंधळा होता असं चरित्र रचू नका.

२४ सर्गांची वाटणी नंतरची आहे, ती होमरच्या नावावर खपवू नका.

‘लिपी आली आणि गाणं संपलं’ हे वाक्य तर दिसताक्षणी खोडा. ग्रीकांनी फिनिशियन लिपी उचलली, आणि इ.स.पू. आठव्या शतकातच इस्किया बेटावरच्या एका प्याल्यावर त्याच वृत्तातल्या ओळी कोरल्या गेल्या. तरी त्यानंतर तीनेक शतकांनी प्लेटोच्या ‘इऑन’ या संवादातला, होमरचं काव्य म्हणून दाखवणारा कथनकार एपिडॉरसची स्पर्धा जिंकून येतो, आता अथेन्सचा उत्सव जिंकू म्हणतो, आणि आपण म्हणू लागलो की श्रोते रडतात, असं सॉक्रेटिसला सांगतो.