क्रुसाकडे बघायचं कसं

मराठीत या चिन्हाला निदान तीन नावं आहेत. वसईचे कॅथलिक क्रूस म्हणतात, गोव्यात खुरीस म्हणतात, आणि नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाचलं जाणारं मराठी बायबल सरळ वधस्तंभ म्हणतं. पहिले दोन शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. तिसरा अजून टोचतो: माणूस मारायचा खांब. या चिन्हात स्वतःसाठी काही अर्थ सापडतो का हे बघायचं असेल, तर सुरुवात या तिसऱ्या शब्दापासून करा. पहिला आठवडा मनातल्या मनातही 'क्रूस' म्हणू नका, 'वधस्तंभ' म्हणा.

कारण साधं आहे. रोमन राजवटीत ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी दिली जाई. पहिली तीनेक शतकं ख्रिस्ती लोकांनीही हे चिन्ह उघडपणे फारसं मिरवलं नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीत मासा दिसतो, जहाजाचा नांगर दिसतो, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ दिसतो. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, साधारण इ. स. ४३० च्या सुमाराला, येशूला खिळलेलं दृश्य कोरलं गेलं, तर त्यातही खांब जवळपास दिसतच नाही. नुसता हात पसरून उभा असलेला माणूस. गळ्यातल्या नाजूक सोनेरी क्रुसाकडे बघून मनात काहीच हलत नसेल तर दोष तुमचा नाही. त्याच्या कडा घासल्या गेल्यात, एवढंच.

एकच क्रूस निवडा

'क्रूस या संकल्पनेवर' चिंतन करायला बसलात तर दहा मिनिटांत झोप येते. एक ठरावीक वस्तू लागते. घरात आजीचा असेल तर तो घ्या. नसेल तर वीतभर उंचीचा, हातात धरून वजन जाणवेल असा लाकडी क्रूस पुरे. प्लास्टिकचा, रात्री चमकणारा शक्यतो नको, त्यात बघण्यासारखं फार काही नसतं. मोबाइलवरचं चित्रही नको, बोट सरकतंच.

आता तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. येशूची मूर्ती असलेला क्रूस बहुतेक कॅथलिक घरांत असतो. मूर्ती नसलेला, रिकामा क्रूस बहुतेक प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांत. एकात यातना समोर ठेवलेली आहे, दुसऱ्यात ती संपून माणूस उठून गेलेला आहे. तिसरी जात दक्षिण भारतातल्या थोमा ख्रिस्ती परंपरेची: मूर्ती नाही, टोकांना कळ्या फुटलेल्या, खाली कमळासारख्या पाकळ्या, वर कबुतर. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर दगडात कोरलेला असा जुना क्रूस आहे, त्याच्या कडेने पहलवी या जुन्या इराणी लिपीतला मजकूर. मारायच्या खांबाला पालवी फुटावी ही कल्पना ज्याला पटते त्याने मूर्तीच्या क्रुसाशी झटापट करत बसू नये.

दहा मिनिटं, काहीही न वाचता

क्रूस बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा ठेवा. उंच भिंतीवर टांगला की मान वर होते आणि नजर आपोआप भक्तिभावाची होते. आत्ता ती नको, निरखणारी हवी. मूर्ती असेल तर खालून वर या.

पाय: शेजारीशेजारी आहेत की एकावर एक? जुन्या चित्रांत पाय सुटे असतात आणि खिळे चार. तेराव्या शतकापासून पाय एकावर एक येऊन तीन खिळ्यांची पद्धत रुळली, आणि त्याबरोबर गुडघे वाकले, सगळं शरीर पिळवटलं. पायांखाली कवटी असेल तर ती गुलगुथाची, म्हणजे 'कवटीच्या जागे'ची खूण. परंपरा ती आदामाची, म्हणजे बायबलातल्या पहिल्या माणसाची मानते. मग कुशीतली जखम. ती बहुधा उजव्या बाजूला दाखवतात, बायबलात बाजू सांगितलेलीच नाही. मग डोळे. इटलीतल्या असीसीच्या सान दामियानो क्रुसावर ते टक्क उघडे आहेत. तुमच्या क्रुसावर बहुधा मिटलेले असतील. सगळ्यात वर पाटी, 'आय एन आर आय' ही चार अक्षरं. 'नासरेथचा येशू, यहूद्यांचा राजा' या लॅटिन वाक्याची ही आद्याक्षरं. योहानाच्या शुभवर्तमानानुसार (येशूची चरित्रं सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांना शुभवर्तमानं म्हणतात) ही पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. टवाळी, पण सरकारी खर्चाने आणि तीन भाषांत.

यातल्या एका तपशिलापाशी नजर अडकेल. तो वहीत एका ओळीत लिहा. अर्थ लिहू नका, फक्त काय दिसलं ते: 'उजव्या तळहाताचं पितळ झिजलंय.' सात दिवस, रोज एक ओळ.

मग वाचन

दुसऱ्या आठवड्यात मार्कच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय मोठ्याने वाचा. ४७ वचनं आहेत, सावकाश वाचलं तरी दहा मिनिटांत होतो. चारही शुभवर्तमानं एका दमात वाचू नका, कारण ती एकसारखं सांगत नाहीत. मार्कमध्ये येशू ओरडतो, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' लूकमध्ये तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. योहानात म्हणतो, 'पूर्ण झाले आहे.' मराठी चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूचे क्रुसावरचे जे सात उद्गार घेतात ते चारही ठिकाणचे एकत्र केलेले आहेत. सातांवर विचार करायला जाल तर सातही उडत जातील. एक घ्या. टाकून दिल्याची भावना ज्याच्या ओळखीची आहे त्याला मार्क पुरेल. क्षमेचा प्रश्न घरात जळत असेल तर लूक.

आता वहीतल्या सात ओळींशेजारी तो एक उद्गार ठेवा आणि एक प्रश्न लिहा, उत्तर नको. बहुतेक जण इथे घाई करतात: 'क्रूस म्हणजे माझ्यासाठी प्रेम आणि त्याग.' हे वाक्य कुणीही, कुठल्याही क्रुसाबद्दल लिहू शकतं, म्हणून खोडा. 'पितळ झिजलंय, म्हणजे कुणीतरी याच हाताला धरून वर्षानुवर्षं मागत होतं. मी कुणाकडे मागतो?' हे चालेल.

कॅथलिक असाल तर क्रुसाची खूण करायचा वेग मोजा. दोन सेकंदांत उरकत असेल तर ती माशी हाकलल्यासारखी होते. 'पित्याच्या' कपाळावर, 'पुत्राच्या' छातीवर, 'पवित्र आत्म्याच्या' डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर; प्रत्येक स्पर्शाला एक श्वास. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उजवीकडून डावीकडे जातात, तेव्हा शेजारच्याची चूक काढू नका.

कुठे बिनसतं

सगळ्यात वाईट चूक 'हा माझा क्रूस आहे' या वाक्यात होते. नवरा मारतो, सासर छळतं, आणि कुणीतरी समजूत घालतं की आपला क्रूस आपण वाहायचा. लूक ९:२३ मध्ये रोज आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याची हाक आहे. उचलणं हे उचलणाऱ्याने ठरवायचं असतं. दुसऱ्याने पाठीवर टाकलेला मार त्यात बसत नाही. मार खाणाऱ्या बाईला वही नको, सुरक्षित जागा हवी.

दुसरी अडचण ख्रिस्ती नसलेल्यांची. चिन्हाकडे बघायला बाप्तिस्मा लागत नाही, पण जागेचं भान लागतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या. भीमाशंकरला तशी एक आहे. घंटा तीच, सांगणं वेगळं. तुमच्या घरातल्या क्रुसाला तुम्ही काय अर्थ द्याल तो द्या, पण मुंबईच्या गावठाणात किंवा गोव्यात रस्त्याकडेच्या क्रुसापाशी मे महिन्यात लादीन, म्हणजे गावकऱ्यांची गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना, चाललं असेल, तर तिथे आपला अर्थ समजावून सांगत बसू नका. उभे राहा, मग उकडलेले चणे हातावर पडले तर खा.

तिसरी: काहीच वाटत नाही. तीन आठवडे कोरडे गेले तर क्रूस बदलू नका, वेळ बदला. सकाळी बसत असाल तर रात्री दिवा मालवून एका मेणबत्तीत बघा. सावली आडव्या दांड्याला लांब करते आणि तोच क्रूस अनोळखी होतो. तरीही नाही, तर महिनाभर कपाटात ठेवून द्या.

वहीतली शेवटी उरलेली ओळ चिठोऱ्यावर लिहून झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेल्या झावळीबरोबर क्रुसामागे खोचा. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी, जुन्या झावळ्या जाळण्यासाठी चर्चमध्ये परत द्यायच्या असतात, त्यांचीच राख कपाळाला लागते. तेव्हा चिठोरा काढून वाचा. ओळ अजून तुमची वाटली तर परत खोचा, नाहीतर झावळीबरोबर जाऊ द्या.