लाइव्ह रॉकमधून आलेले बिनबोलावलेले पाहुणे

लाइव्ह रॉक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत ठेवायचा, जीव वसलेला सच्छिद्र दगड. सोलापुरात तो पार्सलनेच येतो. त्याच्या भोकांत काय दडलंय ते दिवसा कळत नाही. टाकीचे दिवे मालवून तासाभराने लाल उजेडाच्या बॅटरीने पाहा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांची झालर असलेला गुलाबीसर किडा म्हणजे ब्रिसल वर्म. उरलंसुरलं खाऊन तो सफाईच करतो, उगाच मारू नका. पण उघड्या हाताने धरू नका, केस बोटांत रुततात. अर्धपारदर्शक, तपकिरी, लांब शुंडकांचं फुलासारखं दिसणारं मात्र ऐप्टेशिया, एक समुद्री अ‍ॅनिमोन. हा खरा उपद्रवी! खरवडलात तर तुकड्यांतून नवे उगवतात; चुन्याची निवळी बनवायच्या पावडरीची (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) दाट पेस्ट सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडा. टक् असा आवाज आला तर तो पिस्तूल कोळंबीचा किंवा कोळंबीसारख्या मँटिस श्रिंपचा असू शकतो. पिस्तूल कोळंबी बहुधा निरुपद्रवी, मँटिस श्रिंप मात्र मासे-खेकडे फोडतो. त्याचा दगडच बाहेर काढा.